अतिसंवाहक नमुना अंतराळ उपकरणासाठी तपासायचाय? पहिल्या कूलडाउनआधी हे वाचा

नीचतापमानाच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना हमखास मिळणारं पहिलं काम म्हणजे, "ही फिल्म घे आणि हिचा टीसी काढून दे." टीसी म्हणजे संक्रमण तापमान. त्याच्या खाली गेलं की पदार्थाचा विद्युतरोध नाहीसा होतो. काम दुपारभराचं वाटतं. चार तारा जोडायच्या, थंड करायचं, रोध शून्यावर आला की तापमान लिहून घ्यायचं. आकडा मिळतोही. पण तो तुमच्या फिल्मचा आहे, शेजारच्या थर्मामीटरचा आहे की टाक्याला वापरलेल्या सोल्डरचा, हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. नमुना उपग्रहावरच्या उपकरणात जाणार असेल तर ही शंका जमिनीवरच मिटवावी लागते.

पुढे जे लिहिलंय ते बहुतेक सगळं या एका शंकेचा पाठपुरावा कसा करायचा याबद्दल आहे. बी.एस्सी.च्या पातळीचं भौतिकशास्त्र गृहीत धरलंय. क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणारं निर्वात भांडं, आधी पाहिलेला नसला तरी चालेल.

१. हा पदार्थ उपकरणात नेमकं काय करणार, ते आधी विचारा

"टीसी काढ" असं सांगणारे बरेचदा हे सांगायचं विसरतात. तुम्ही विचारा. अंतराळातल्या अतिशीत उपकरणांत अतिसंवाहकाची साधारण चार कामं असतात आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी.

पहिलं काम डिटेक्टरचं. ट्रान्झिशन एज सेन्सर, म्हणजे टीईएस, हा संक्रमणाच्या ऐन उतारावर धरून ठेवलेला असतो. फोटॉन आला की तापमान किंचित वाढतं आणि रोध झपकन चढतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या नियोजित न्यूअथेना दुर्बिणीचं एक्स-आयएफयू उपकरण याच तत्त्वावर चालणार आहे. इथे नुसता टीसी पुरत नाही. उतार किती तीव्र आहे, त्यात पायऱ्या आहेत का, गोंगाट किती आहे, हे सगळं लागतं. दुसऱ्या प्रकारचे डिटेक्टर म्हणजे एसआयएस मिक्सर: दोन अतिसंवाहकांमध्ये पातळ इन्सुलेटर असलेले, आलेल्या रेडिओलहरीची वारंवारता खाली आणणारे. २००९ साली अंतराळात गेलेल्या हर्शेल वेधशाळेच्या हायफाय उपकरणात ते होते. त्यांच्यासाठी ऊर्जा-फट, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी फोडायला लागणारी ऊर्जा, महत्त्वाची, कारण नायोबियम साधारण ७०० गिगाहर्ट्‌झच्या वर रेडिओलहरी शोषायला लागतो.

दुसरं काम तारांचं. अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या वीज वाहतात, उष्णता वाहत नाहीत. म्हणून ४ केल्विनपासून मिलिकेल्विनच्या टप्प्यापर्यंत सिग्नल न्यायला नायोबियम-टायटॅनियमच्या बारीक तारा वापरतात. इथे मोजायची ती क्रांतिक विद्युतधारा (जिच्या वर अतिसंवाहकता मोडते ती धारा) आणि तारेतून झिरपणारी उष्णता.

तिसरं काम चुंबकाचं. जपानच्या एक्सरिझम उपग्रहावर (२०२३) रिझॉल्व्ह हे उपकरण ५० मिलिकेल्विनवर चालतं. त्याचा डिटेक्टर अतिसंवाहक नाही, पण त्याला थंड करणाऱ्या एडीआरची, म्हणजे चुंबकीय शीतकाची, चुंबकं अतिसंवाहक आहेत.

चौथं काम कवचाचं. २००४ च्या ग्रॅव्हिटी प्रोब बी मोहिमेत क्वार्ट्‌झच्या गोळ्यांवर नायोबियमचा पातळ थर होता, त्या फिरताना निर्माण होणारं सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र स्क्विडने, म्हणजे अतिसंवाहक चुंबकमापकाने, वाचलं जायचं आणि बाहेरचं क्षेत्र अडवायला शिशाचं अतिसंवाहक कवच होतं. अशा कवचाचा टीसी सगळ्यांना पाठच असतो. प्रश्न असतो तो आत किती चुंबकीय फ्लक्स अडकून राहिला याचा.

तेव्हा कामाच्या पहिल्या दिवशी वहीत एक ओळ लिहा: हा नमुना कोणत्या तापमानाला, किती विद्युतधारेत, किती चुंबकीय क्षेत्रात आणि कशाला चिकटून काम करणार आहे. ती ओळ पूर्ण होत नसेल तर क्रायोस्टॅटकडे जाऊ नका.

२. कागद आणि सामान

कागदपत्रं:
- नमुन्याची कुंडली: वेफर क्रमांक, थरांची जाडी, सब्सट्रेट, कोणत्या तारखेला कोणत्या यंत्रात थर चढवला, त्यानंतर तो किती तापमानापर्यंत गरम झाला.
- थर्मामीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, त्यावरचा अनुक्रमांक आणि तापमानाची मर्यादा. फाइल दुसऱ्याच थर्मामीटरची असणं ही फार सामान्य गोष्ट आहे. अनुक्रमांक धातूवर कोरलेला असतो, तो स्वतः डोळ्याने वाचून जुळवा.
- द्रव नायट्रोजन, हेलियम वापरायची प्रयोगशाळेची परवानगी आणि सुरक्षा प्रशिक्षणाची नोंद.
- उड्डाणाच्या भागांना लागणारी गोंद, टेप, ग्रीस यांची मान्य यादी. यात निर्वातात वायू सोडण्याची कसोटी असते. नेहमीची मर्यादा म्हणजे १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर वस्तुमानातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर साचणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत.

सामान:
- कमी विद्युतधारेचा स्रोत आणि नॅनोव्होल्टमीटर, किंवा लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणारं यंत्र). मिलिकेल्विनसाठी एसी रेझिस्टन्स ब्रिज.
- फॉस्फर ब्रॉन्झ किंवा मँगॅनिनच्या जोडीजोडीने पिळलेल्या तारा.
- जीई वार्निश, एपिझॉन एन ग्रीस, इंडियमचा पत्रा, कॅप्टॉन टेप, डेंटल फ्लॉस. (तारा बांधायला डेंटल फ्लॉसइतकं स्वस्त आणि चांगलं काही मला सापडलेलं नाही.)
- पितळी स्क्रू, अचुंबकीय चिमटा, मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा.
- हेलियम लीक डिटेक्टर आणि ब्रेकआउट बॉक्स (क्रायोस्टॅटमधली प्रत्येक तार बाहेरून वेगळी मोजता येईल अशी पेटी).

महाराष्ट्रात शिकणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. द्रव हेलियम सगळीकडे मिळत नाही. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ते तयार होतं. बाकी बऱ्याच ठिकाणी क्रायोकूलर, म्हणजे हेलियम न ओतता चालणारं बंद चक्राचं यंत्र असतं. तुमच्या विभागात द्रव नायट्रोजनच असेल तरी निराश होऊ नका. वायबीसीओ या तांबं-ऑक्साइडच्या अतिसंवाहकाचा टीसी ९२ केल्विनच्या आसपास असल्यामुळे खालच्या जवळपास सगळ्या सवयी त्यावर शिकता येतात.

३. जीव आधी

एक लिटर द्रव नायट्रोजनचे सुमारे ७०० लिटर वायू होतात, हेलियमचे त्याहून थोडे जास्त. बंद खोलीत तेवढा प्राणवायू बाजूला ढकलला जातो आणि माणसाला गुदमरल्यासारखंही न वाटता तो कोसळतो. ऑक्सिजन मॉनिटर चालू असल्याशिवाय ओतायला सुरुवात नाही. ड्यूवार (द्रव वायूचा थर्मास) लिफ्टने न्यायचा तर तो एकटाच जाऊ द्या, तुम्ही जिन्याने जा. हातमोजे सैल हवेत, झटकले की निघणारे. ड्यूवारच्या मानेत बर्फ धरून वाट बुजली तर आतला दाब वाढत जातो. अशी मान दिसली तर स्वतः खुपसाखुपशी न करता जबाबदार माणसाला बोलवा.

४. नमुना बसवणं

तांबं खोलीच्या तापमानावरून ४ केल्विनवर आणलं की सुमारे ०.३ टक्के आकसतं. सिलिकॉन फक्त ०.०२ टक्के, टेफ्लॉन मात्र जवळपास २ टक्के. सिलिकॉनची चिप कडक गोंदाने तांब्यावर पक्की चिकटवली तर ती तडकते. तडकली नाही तरी ताणाखाली राहते, आणि ताणामुळे पातळ फिल्मचा टीसी सरकतो. चिप लहान असेल तर जीई वार्निशचे एक-दोन ठिपके पुरतात. मोठी असेल तर बेरिलियम-कॉपरची स्प्रिंग क्लिप वापरा.

मिलिकेल्विनात शिरलात की आणखी एक गोष्ट डोकं वर काढते. दोन पदार्थांच्या सीमेवरचा उष्णतारोध तापमान उतरेल तसा साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४ केल्विनवरून ०.१ केल्विनवर गेलं तर सुमारे ६४,००० पट. म्हणजे ४ केल्विनला अप्रतिम वाटणारा ग्रीसचा थर १०० मिलिकेल्विनला जवळजवळ उष्णतारोधक. चिपवरची उष्णता बाहेर काढायला सोन्याच्या तारांचे बाँड घाला, चिपवरच्या सोन्याच्या पट्टीपासून थेट तांब्यावर. ॲल्युमिनियमचे बाँड या कामाला निरुपयोगी, कारण ॲल्युमिनियम स्वतःच १.२ केल्विनखाली अतिसंवाहक होतं आणि उष्णता वाहणं जवळपास सोडून देतं. सिग्नलसाठी मात्र तेच चांगले.

५. तारा, आणि तारांतून येणारी खोलीची ऊब

चार तारांची पद्धत अटळ आहे: दोन विद्युतधारेला, दोन व्होल्टेजला. दोनच तारा वापरल्या तर तारांचा काही ओमचा रोध नमुन्याच्या काही मिलिओममध्ये मिसळतो आणि शून्य कधी दिसतच नाही.

प्रत्येक तार खोलीतली ऊब आत आणते. म्हणून ती प्रत्येक थंड टप्प्यावर तांब्याच्या खुंटीभोवती गुंडाळून वार्निशने बसवायची, मगच पुढच्या टप्प्यावर न्यायची. नवखे लोक नमुन्याच्या तारा नीट गुंडाळतात आणि थर्मामीटरच्या तारा थेट खाली सोडतात. मग थर्मामीटर स्वतःच्या तारांनी तापतो आणि नमुन्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. टीसी कागदावर वाढतो, सगळे खूश होतात. हा आनंद पुढच्या टप्प्यावर कोणीतरी महागात फेडतं.

थर्मामीटरची निवडही तपासा. सिलिकॉन डायोड १० मायक्रोॲम्पिअरवर चालतो आणि ४ केल्विनला त्यावर साधारण १.६ व्होल्ट पडतात. म्हणजे १६ मायक्रोवॉट. ४ केल्विनच्या टप्प्याला त्याचं काही नाही, पण अंतराळातल्या एडीआरच्या थंड टोकावर एकूण भारच मायक्रोवॉटच्या आसपास ठेवावा लागतो. १ केल्विनच्या वर सर्नॉक्स, खाली रुथेनियम ऑक्साइड, असा साधा नियम सुरुवातीला पुरे.

नायोबियम-टायटॅनियमची तार साध्या सोल्डरला धरत नाही, तिच्यावर चिवट ऑक्साइड असतो. वरून तांबं-निकेलचं आवरण असलेली तार घ्या, किंवा क्रिम्प करा. वरवर धरल्यासारखा दिसणारा टाका खोलीत चालतो आणि थंडीत सुटतो.

६. खोलीच्या तापमानाला अर्धा दिवस घालवा

झाकण लावण्याआधी ब्रेकआउट बॉक्सवरून प्रत्येक दोन तारांमधला रोध मोजून तक्ता करा. प्रत्येक तारेचा जमिनीशी रोधही. मेगाओममध्ये यायला हवा. मनगटाचा पट्टा बांधलेला असू द्या. बारीक जंक्शन (दोन अतिसंवाहकांमधला पातळ सांधा) अंगावरच्या स्थिर विजेने जातं आणि जाताना आवाजही करत नाही. वर तयार झालेला तक्ता प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे निर्वात केल्यावर, ७७ केल्विनला, ४ केल्विनला, पुन्हा भरायचा. एखादी तार केव्हा तुटली हे यातूनच समजतं.

हेलियमचा क्रायोस्टॅट नायट्रोजनने पूर्वथंड करणार असाल तर हेलियम ओतण्याआधी नायट्रोजनचा शेवटचा थेंब बाहेर काढा. तो गोठून दगड होतो आणि तुमचं बरंचसं हेलियम त्याला थंड करण्यातच उडून जातं. १ वॉट उष्णता तासाला जवळपास दीड लिटर द्रव हेलियम उडवते, त्यावरून हिशेब करा.

७. मापन: आकडा हलेनासा होईपर्यंत

एकदा थंड झालं की तापमान सावकाश वर न्या, मग तितकंच सावकाश खाली आणा. दोन्ही आलेख एकावर एक बसायला हवेत. नाही बसले तर दोन शक्यता. वेग निम्मा करून पाहा. अंतर कमी झालं तर थर्मामीटर आणि नमुना एकमेकांच्या मागे-पुढे धावत आहेत. वेग कमी करूनही अंतर तेवढंच राहिलं तर विद्युतधारेने नमुना तापत असेल, किंवा खरोखरच काही भौतिकी आहे. नवख्यांनी भौतिकी सगळ्यात शेवटी धरावी.

विद्युतधारेची परीक्षा अशी. एक आलेख घ्या, मग धारा निम्मी करा, पुन्हा निम्मी. आलेख डावी-उजवीकडे सरकायचा थांबला की ती धारा योग्य. टीईएसचा सामान्य अवस्थेतला रोध १० मिलिओमच्या घरात असतो. १ मायक्रोॲम्पिअर सोडला तर व्होल्टेज फक्त १० नॅनोव्होल्ट. म्हणूनच तिथे शेवटी स्क्विडशिवाय भागत नाही.

इतक्या लहान व्होल्टेजमध्ये तारांच्या सांध्यांवर तापमानफरकामुळे निर्माण होणारं व्होल्टेज सहज मिसळतं. डीसीवर मोजत असाल तर प्रत्येक वाचनाला धारेची दिशा उलटवा आणि फरक घ्या. लॉक-इन वापरत असाल तर वारंवारता ५० हर्ट्‌झ आणि तिच्या पटींपासून दूर ठेवा. १३, १७ अशी काहीतरी. क्रायोकूलर असेल तर त्याचा ठोकाही, बहुधा सेकंदाला एक-दोन, आलेखात शिरतो. शंका आली तर काही सेकंद कॉम्प्रेसर बंद करून पाहा.

रेडिओलहरींचं तापवणं विसरू नका. फिल्टर नसलेल्या तारा अँटेनाचं काम करतात. चालू मोबाइल, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर, यातलं एकेक बंद करत बसल्यावर टीसी काही मिलिकेल्विनांनी "सुधारतो". अर्थात सुधारत काही नाही, आधी नमुना थर्मामीटरपेक्षा उबदार होता इतकंच.

मग चुंबकीय क्षेत्र. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. १०० मायक्रोमीटर बाजूच्या टीईएस चौकोनातून तेवढ्या क्षेत्रात जवळजवळ दोनशे फ्लक्स क्वांटा (चुंबकीय फ्लक्सचे सगळ्यात लहान हिस्से) जातात. संक्रमणाचा आकार बदलायला ते भरपूर झालं. क्रायोस्टॅटच्या आत उच्च पारगम्यतेच्या मिश्रधातूचं कवच हवं, आणि त्याच्या आत नायोबियम किंवा शिशाचं. बाहेरचं कवच आधी का? तर आतलं अतिसंवाहक कवच आपल्या टीसीतून खाली जाताना जे क्षेत्र असेल ते काही अंशी गोठवून ठेवतं. तेव्हा क्षेत्र आधी कमी झालेलं असायला हवं.

८. फसवी संक्रमणं

ही यादी छापून क्रायोस्टॅटवर चिकटवा. आलेखात यातल्या एखाद्या तापमानाला पायरी दिसली तर आधी आपल्या टाक्यांवर संशय घ्या:
- ९.२ केल्विन: नायोबियम, नायोबियम-टायटॅनियमची तारही याच परिसरात.
- ७ केल्विनच्या आसपास: शिसं (७.२) आणि शिसं-कथलाचं सोल्डर.
- ३.७ केल्विन: कथील, म्हणजे शिसंविरहित सोल्डरही या भागात.
- ३.४ केल्विन: इंडियम. नमुन्याखाली घातलेला पत्रा किंवा दाबून केलेले टाके.
- १.२ केल्विन: ॲल्युमिनियमचे बाँड.
- ०.४ केल्विन: टायटॅनियम. अचुंबकीय म्हणून आणलेले टायटॅनियमचे स्क्रू इथे गडबड करतात, आणि मिश्रधातूचे असतील तर याच्याही बरंच वर.

चार तारा नमुन्यावर बरोबर लागल्या असतील तर टाक्याची पायरी आलेखात दिसायला नको. दिसली याचा अर्थ जोडणी खऱ्या अर्थाने चार तारांची नाही, किंवा टाका अतिसंवाहक झाल्यावर त्याच्या शेजारी फिल्मवर तो परिणाम पसरतोय.

हीच यादी उलटी वापरली तर थर्मामीटरची परीक्षा घेता येते. शुद्ध शिसं, इंडियम, ॲल्युमिनियम यांचे छोटे तुकडे नमुन्याच्याच टप्प्यावर बसवा आणि त्यांची संक्रमणं जागच्या जागी येतात का पाहा. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था अशा धातूंचे संच प्रमाणित करून द्यायची, त्यात जस्त आणि कॅडमियमही असे. फक्त तुकडे घन धातूचे घ्या. ॲल्युमिनियमच्या पातळ फिल्मचा टीसी घन ॲल्युमिनियमपेक्षा बराच जास्त येऊ शकतो, ती मापकाठी म्हणून चालत नाही. माझ्या मते ही परीक्षा कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाची आहे, कारण ती तुमच्या तारांसकट, तुमच्या टाक्यांसकट, तुमच्या क्रायोस्टॅटमध्ये होते.

९. रोध शून्य झाला म्हणजे नमुना अतिसंवाहक झाला असं नाही

विद्युतधारेला एक सलग वाट सापडली की रोध शून्य. बाकीची नव्वद टक्के फिल्म अजून सामान्य अवस्थेत असली तरी आलेखाला फरक पडत नाही. तारेच्या बाबतीत एक वेळ चालेल. कवचाच्या किंवा डिटेक्टरच्या बाबतीत चालणार नाही.

म्हणून चुंबकीय चाचणी करा. सोपी मांडणी म्हणजे फिल्मच्या एका बाजूला धारा सोडणारी छोटी कॉइल, दुसऱ्या बाजूला ऐकणारी. फिल्म अतिसंवाहक झाली की मधली वाट अडते आणि दुसऱ्या कॉइलमधला सिग्नल पडतो. रोधाचा आलेख अरुंद आणि चुंबकीय आलेख रुंद, लांब शेपटीचा आला तर फिल्म सगळीकडे सारखी नाही. वेफरच्या मध्यात आणि कडेला जाडी वेगळी असणं हे सगळ्यात सामान्य कारण. टीईएससाठी मॉलिब्डेनम-सोन्यासारखी द्विस्तरी फिल्म वापरतात, तिच्यात टीसी दोन्ही थरांच्या जाडीने ठरतो, त्यामुळे हा दोष तिथे जास्त बोचतो.

चुंबकीय मापन किती दूर नेता येतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. २०१६ साली टीआयएफआरच्या गटाने बिस्मथचा शुद्ध स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिसंवाहक होतो हे दाखवलं, ते रोध मोजून नव्हे, चुंबकन मोजून. त्याचं क्रांतिक क्षेत्र (ज्याच्या वर अतिसंवाहकता मोडते ते) सुमारे ५ मायक्रोटेस्ला निघालं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. कवच ढिसाळ असतं तर ती अतिसंवाहकता कितीही थंड करून दिसली नसती.

१०. क्रांतिक विद्युतधारा: द्रवात बुडवून मोजलेला आकडा निर्वातात चालत नाही

तारेसाठी आणि चुंबकासाठी नेहमीचा निकष म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला १ मायक्रोव्होल्ट येईल ती धारा. धारा हळूहळू वाढवा, स्रोताला व्होल्टेजची मर्यादा घाला, आणि व्होल्टेज उसळताच धारा तोडणारी व्यवस्था आधी रिकाम्या तारेवर तपासून घ्या. पातळ फिल्मच्या पट्टीला मात्र सलग धारेऐवजी लहान पल्स द्या, नाहीतर टाक्यांची उष्णता आत शिरून पट्टी जळते.

खरी मेख पुढे आहे. बहुतेक जण ही चाचणी द्रव हेलियमच्या टाकीत करतात. उकळतं हेलियम दर चौरस सेंटीमीटरमागे वॉटच्या घरात उष्णता ओढून नेतं, त्यामुळे तारेत कुठे क्षणभर रोध निर्माण झाला तरी ती सावरते. उपग्रहात तीच तार निर्वातात, दोन टोकांना पकडलेली असते. एखाद्या ठिकाणी रोध निर्माण झाला की उष्णतेला जायला फक्त तारेच्या लांबीची वाट. ठिपका पसरतो आणि तार जाते. म्हणून अंतिम चाचणी निर्वातातच, खऱ्या आधारांवर, खऱ्या लांबीची तार घेऊन करायची. आणि मोजलेल्या धारेच्या काठावर काम न करता भरपूर अंतर ठेवायचं. किती ठेवायचं हे उपकरणाच्या आराखड्यात लिहिलेलं असतं. नसेल तर विचारून लिहून घ्या.

तांब्याच्या गाभ्यातली तार बिघाडाला सोसते, पण तांबं उष्णता आत आणतं. तांबं-निकेलची उष्णता अडवते, पण बिघाड सोसत नाही. चुंबकाला पहिली, मिलिकेल्विनच्या सिग्नलला दुसरी, अशी ढोबळ वाटणी आहे.

११. आता अंतराळाची परीक्षा

इथवरचं कुठल्याही प्रयोगशाळेत लागतं. उड्डाणासाठी पुढचं.

तापवणं आणि थंड करणं. खोलीपासून काम करायच्या तापमानापर्यंत वारंवार ने-आण करा, दर फेरीनंतर टीसी, संक्रमणाची रुंदी आणि खोलीतला रोध नोंदवा. बदल दिसला तर तो थांबतो की वाढत जातो ते पाहायचं. वाढत जाणारा बदल दिसला की नमुना बाद.

बेक-आउट. उपकरण स्वच्छ करायला निर्वातात गरम करतात. द्विस्तरी फिल्मच्या सीमेवर उष्णतेने बदल होऊन टीसी सरकू शकतो, म्हणून बेक-आउटचं तापमान ठरवणाऱ्या माणसाशी आधीच बोला. वायबीसीओ गरम निर्वातात प्राणवायू गमावतो आणि दमटपणात कुजतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो नुसता टेबलावर ठेवू नका, कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत ठेवा.

कंपनं. प्रक्षेपणाच्या हादऱ्यात सैल तार घासून तिचं इन्सुलेशन जातं. कंपनचाचणीच्या आधी आणि नंतर तोच रोधतक्ता भरायचा. शिवाय काही उपकरणं थंड अवस्थेतच उडतात. हर्शेल दोन हजारांहून जास्त लिटर द्रव हेलियम घेऊन गेली होती. तुमचं उपकरण तसं असेल तर कंपनचाचणीही थंडीतच हवी.

वैश्विक किरण. प्लँक उपग्रहावरच्या हायफ्रिक्वेन्सी उपकरणाचे बोलोमीटर (शोषलेल्या उष्णतेवरून प्रारण मोजणारे डिटेक्टर) अतिसंवाहक नव्हते, पण त्यांचा धडा सगळ्यांना लागू पडला. प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला साधारण एक धक्का नोंदला जात होता, आणि त्यातले बरेच धक्के शोषकावर नव्हे, आजूबाजूच्या सिलिकॉनच्या चौकटीवर बसलेल्या कणांचे होते. तेव्हापासून चिपच्या चौकटीतली उष्णता लवकर बाहेर काढण्याकडे फार लक्ष दिलं जातं. तुम्ही फिल्मची चाचणी करत असाल तरी चौकटीवर छोटा हीटर लावून तिथे उष्णता सोडा आणि फिल्मला ती किती जाणवते ते मोजा.

अडकलेला फ्लक्स. वर गेल्यावर एडीआरचं चुंबक चालू-बंद होत राहणार, आणि एखाद्या वेळी शेजारच्या कवचात फ्लक्स अडकणार. तो काढायचा उपाय एकच: कवच त्याच्या टीसीच्या वर गरम करून, क्षेत्र शांत असताना पुन्हा थंड करणं. म्हणून कवचावर हीटर आहे का, हे आराखडा गोठण्याआधी विचारा. नंतर विचारलंत तर उत्तर मिळतं, हीटर मिळत नाही.

आणि एकूण यंत्रणा. जपानच्या सुझाकू उपग्रहावरचा एक्सआरएस डिटेक्टर कक्षेत नीट थंड झाला होता. जुलै २००५ मध्ये उड्डाण झालं आणि ऑगस्टमध्ये सगळं द्रव हेलियम निघून गेलं, कारण बाहेर सोडलेला हेलियम वायू क्रायोस्टॅटच्या निर्वात पोकळीत परत शिरला होता. तुमच्या नमुन्याच्या अहवालात वायूच्या नळ्यांचा विषय येणार नाही, पण पुनरावलोकनाच्या बैठकीत बसायला मिळालं तर तिथली चर्चा कान देऊन ऐका.

१२. अहवालात काय लिहायचं

"टीसी = ९.१ केल्विन" असं लिहिलेलं कोणाच्याही उपयोगाचं नाही. रोध निम्मा होतो ते तापमान की शून्य होतो ते, हे लिहा. संक्रमणाची रुंदी दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत की आणखी कशी, तेही. वापरलेली धारा, चुंबकीय क्षेत्र, तापमान बदलण्याचा वेग आणि दिशा, थर्मामीटरचा अनुक्रमांक आणि तो नमुन्यापासून किती अंतरावर होता, टाके कशाचे होते. कच्चा डेटा तारखेसकट जपायचा, गुळगुळीत केलेला आलेख वेगळा.

तपासलेल्या नमुन्याच्या त्याच वेफरवरचा एक तुकडा न वापरता बाजूला ठेवा. याला साक्षी नमुना म्हणतात. कक्षेत काही वर्षांनी सिग्नल बदलला तर जमिनीवर हाच तुकडा पुन्हा थंड करून पाहता येतो. डबीवर वेफर क्रमांक, थर चढवल्याची तारीख आणि तुमच्या अहवालाचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि डबी स्वतःच्या टेबलाच्या खणात न ठेवता प्रयोगशाळेच्या कोरड्या कपाटात, नोंदवहीत सही करून ठेवा.